अक्कांचा कोरडा हात

पाण्याचा जितका विचार माझ्या चुलतसासऱ्यांनी, नानांनी केला आहे, तितका अख्ख्या धुळे शहरात दुसऱ्या कोणी केला असेल यावर माझा विश्वास नाही. आणि हे मी धुळ्याबद्दल बोलतेय बरं का, जिथं नळाला पाणी येणं हाच एक सण असतो, त्या दिवशी बायका माहेरी जात नाहीत आणि पाहुण्याला 'पुन्हा या' म्हणायच्या आधी पाण्याचा वार सांगून ठेवतात. पण आम्हा बाकीच्यांचा विचार पिण्याचा, भांड्यांचा, धुण्याचा. नानांचा विचार तारणाचा, आत्म्याच्या उद्धाराचा. नाना आमच्या चर्चच्या मंडळीचे पंच आणि बाप्तिस्म्याचा हौद त्यांच्या ताब्यात. आमच्यात बाप्तिस्मा कळत्या वयात घेतात आणि तोही कपाळावर पाणी शिंपडून नाही, माणसाला आख्खा पाण्यात बुडवून. चर्चमध्ये पाळकसाहेब जिथं उभे राहून उपदेश करतात तिथल्या फळ्या उचलल्या की खाली हा हौद. एरवी कोरडा ठणठणीत, त्यात जुन्या सतरंज्या आणि नाताळचे कागदी तारे पडलेले असतात. बाप्तिस्म्याचा रविवार ठरला की नाना ते सगळं उपसून काढायचे, तळ घासायचे, नळाच्या पाण्याचा वार साधून नळी लावायचे, कमी पडलं तर टँकरवाल्याशी भांडायचे, पाण्यात तुरटी फिरवायचे, आणि शेवटी चार बोटं पाणी तोंडात घेऊन डोळे मिटून उभे राहायचे. हे पाणी कोणी पिणार नव्हतं. पण नानांना चव लागायची.

बुडवण्यात एक अर्थ आहे, तो आमच्या रविवारच्या शब्बाथशाळेतल्या पोरांनाही पाठ असतो. पाण्याखाली जाणं म्हणजे ख्रिस्ताबरोबर मरून पुरलं जाणं, आणि वर येणं म्हणजे त्याच्याबरोबर उठणं. इतर लोक हा अर्थ ऐकतात, मान डोलावतात आणि घरी जाऊन मटण खातात. नानांनी तो अक्षरशः अंगाला लावून घेतला. "मुडदं गाडतस तव्हय हात बाहेर ठेवतस का?" असं ते विचारायचे, आणि समोरच्यानं 'नाही' म्हटलं की त्यांचा मुद्दा सिद्ध झालेला असायचा. म्हणून बाप्तिस्म्याच्या दिवशी नाना हौदाच्या काठावर उकिडवे बसत. चष्मा पाण्यात पडू नये म्हणून दोरीनं मानेला बांधलेला. पाळकसाहेबांनी माणूस खाली घातला की सगळी मंडळी गीत उचलायची आणि नाना पाण्यात वाकून बघायचे. कुठं काही वर दिसलं की गीताच्या वरताण त्यांचा आवाज यायचा, "कोपर ऱ्हायनं!" की लगेच पेटी थांबायची, आणि नुकताच नवा जन्म घेतलेला तो बिचारा नाकातलं पाणी शिंकरत पुन्हा खाली जायचा.

धरणगावचा एक कापसाचा जिनिंगवाला होता, देहानं भरभक्कम. त्याला खाली घातला की पाय वर, पाय दाबले की पोट वर. नाना काठावरून ओरडतायत, "पोट ऱ्हायनं! पोट ऱ्हायनं!" आणि आमचे तेव्हाचे पाळक, किडकिडीत माणूस, त्याच्या पोटावर दोन्ही हात टेकून अक्षरशः लोंबकळतायत. शेवटी नाना स्वतः कपड्यांनिशी उतरले आणि त्या पोटावर गुडघा ठेवला. तो माणूस आजही साक्ष देताना म्हणतो की जुना मी त्या दिवशी खरोखरच मेलो होतो. दुसरा सावद्याच्या एका केळीवाल्याचा जावई. त्यानं सासऱ्यानं दिलेलं नवं घड्याळ भिजू नये म्हणून मनगट वर धरलं. नाना त्याला म्हणाले, "घडी स्वर्गमा जावाव नही. हात जाई, त्याले बुडाव." जळगावला माझ्या माहेरच्या एका लग्नाला आले असताना तिथल्या चर्चमध्ये तान्ह्या बाळाच्या कपाळाला बोटभर पाणी लावलेलं त्यांनी पाहिलं. मी आधीच बजावून ठेवलं होतं, नाना, इथं गप्प बसायचं. बसले बिचारे. फक्त जेवताना त्या बाळाच्या आईजवळ जाऊन हळूच विचारून आले, "मग आंघोळ कधी घालतीस याले?" माझ्या माहेरच्यांनी तो विनोद समजून हसून घेतलं. देवाची कृपा म्हणायची.

थंडीत पाणी तापवायला त्यांचा विरोध. येशूचा बाप्तिस्मा झाला ती यार्देन नदी काय कोमट होती का, असा सवाल. मी एकदा चिडून म्हटलं की यार्देन धुळ्याच्या जानेवारीत नव्हती, तर दोन दिवस माझ्या हातचा चहा घेतला नाही. माणूस असा. पण हा सगळा तमाशा कुठून सुरू झाला ते मंडळीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, कारण नाना ते लपवत नसत. तो सुरू झाला अक्कांच्या हातापासून.

अक्का म्हणजे नानांची बायको. आमच्या सासरची माणसं मूळची शिरपूरच्या वरची, सातपुड्याच्या पायथ्याची. तिथं हौद-बिऊद कुठला, नदीच्या डोहात बाप्तिस्मे व्हायचे. अक्का तेव्हा नव्यानं लग्न होऊन आलेली पोर. विश्वास पक्का, पण पाण्याची भीती त्याहून पक्की. नाना आधीच बाप्तिस्मा घेतलेले, ते काठच्या खडकावर उभे. अक्का पाण्यात उतरली ती नवऱ्याचा हात धरून, आणि सोडेना. कमरेइतक्या पाण्यात गेली तरी सोडेना. पाळक म्हणाले, सोड ग पोरी. ती म्हणे, नाही. मागं बाकीचे कुडकुडत उभे. पाळकांनी कंटाळून तिला तशीच बुडवली, गीत झालं, ती वर आली, सगळ्यांनी देवाची स्तुती केली. आणि तिचा उजवा हात मनगटाच्या वरपर्यंत नानांच्या मुठीत कोरडाच्या कोरडा राहिला. त्या दिवशी नानांना त्याचं काही वाटलं नाही. उलट गोडच वाटलं असेल, नवं लग्न होतं. पुढं ते पंच झाले, शास्त्र वाचायला लागले, आणि हा हात त्यांच्या मनात येऊन बसला तो बसलाच. सगळी अक्का देवाची झाली आणि एक हात राहून गेला, तोही आपल्यामुळं, असं त्यांनी घेतलं. मग दुसऱ्या कोणाचं काही राहू नये म्हणून काठावर बसणं सुरू झालं.

आम्ही हसायचो. अक्काही हसायची. कुणाला चापट मारायची झाली तर म्हणायची, "या हातानं मारू का? याले पाप लागत नही, हाऊ अजून जगना शे." म्हणजे अजून देवाचा झालेला नाही, जगाचाच आहे. पोळ्या त्याच हातानं लाटायची, मंडळीतल्या बाळंतिणींना त्याच हातानं तेल लावायची. मूलबाळ त्यांना झालं नाही, दोघं आमच्याच घरात पुढच्या खोलीत राहायचे, माझी दोन्ही मुलं त्या हातावरच वाढली. मी नानांना सांगायची की या हातानं जेवढं केलं तेवढं तुमच्या आख्ख्या पंचकमिटीनं केलेलं नाही. नाना म्हणायचे, चांगल्या करणीनं तारण होत नाही, विश्वासानंच होतं. ते खरंच आहे, आमच्यात तसंच शिकवतात, म्हणून मला पुढं बोलता यायचं नाही आणि संताप व्हायचा.

मागच्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला अक्काला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. तोंड वाकडं झालं, पाय ओढायला लागला आणि तो हात मेल्यासारखा मांडीवर पडून राहिला. डॉक्टर म्हणाले, रक्तदाब. नानांचं तोंड बघून मला कळलं की या माणसाला आता कोणी समजावू शकणार नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मी पुढच्या खोलीत गेले तर अक्काला खुर्चीत बसवलेली, तिचा हात कोपरापर्यंत बादलीत, आणि नाना शेजारी गुडघे टेकून प्रार्थना करतायत. अक्कानं वाकड्या तोंडानं मला सांगितलं, "देख माय, माले मटकीसारखं भिजत घाली ठेयेल शे." मला हसू आलं, आणि हसता हसता स्वयंपाकघरात जाऊन रडले. रोज ते चालायचं. बोटं सुरकुतून पांढरी पडायची. मी बादली उचलून नेली तर दुसरी आणायचे.

मग ते पाळकसाहेबांकडे गेले. आमचे आताचे पाळक तरुण आहेत, शिकलेले, स्वभावानं मऊ. ते घरी आले, म्हणाले, "नाना, बाप्तिस्मा एकदाच असतो. पुन्हा द्यायचा म्हणजे अक्का इतकी वर्षं विश्वासी नव्हत्या असं म्हणण्यासारखं आहे."

"पुन्हा नका देऊ," नाना म्हणाले. पाळकांशी ते शुद्ध बोलतात. "राहिलेला पुरा करा. तेवढ्या हाताचा."

"नुसत्या हाताचा बाप्तिस्मा असतो का हो?"

"मग हात सोडून बाकीच्याचा असतो का?"

पाळकसाहेबांनी माझ्याकडं चहा मागितला. चहा पिऊन ते पुन्हा सांगायला लागले, की पाणी ही खूण आहे, तारण पाण्यात नाही, देव पाणी मोजत बसत नाही, येशूशेजारच्या वधस्तंभावरच्या चोराला तर थेंबभरही पाणी मिळालं नव्हतं आणि तरी त्याला सुखलोक मिळाला. नानांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "त्या चोराला खिळे होते, साहेब. त्याचा हात कोणी धरला नव्हता." जाताना पाळकसाहेबांनी अक्काला प्रभुभोजन दिलं, येशूच्या शेवटच्या जेवणाच्या आठवणीत बाप्तिस्मा झालेल्यांनाच देतात तो भाकरीचा तुकडा आणि मनुकांचं पाणी. अक्कानं डाव्या हातानं घेतलं. नानांनी तिच्या उजव्या हाताकडं असं पाहिलं की मला तो हात पदरानं झाकावासा वाटला.

माणूस रोज येऊन पायरीवर बसायला लागला की मऊ माणसाचं काय चालतं? शेवटी पाळकसाहेब कबूल झाले. बाप्तिस्म्याचे शब्द म्हणणार नाही, कोणाचं नाव घेऊन काही करणार नाही, पण हौद भरा, अक्काला आणा, आपण प्रार्थना करू आणि हात पाण्यात ठेवू. नानांना इतकं पुरलं. त्या आठवड्यात त्यांच्या अंगात काय संचारलं होतं! सतरंज्या निघाल्या, तारे निघाले, तळ घासून लख्ख. ऐन मे महिना, गल्लीत हंड्याला हंडा भिडलेला, आणि नानांनी टँकर आणून चर्चच्या पोटात ओतला. गल्लीतल्या बायकांनी तोंडाला पदर लावून जे काय म्हणायचं ते म्हटलं. नानांनी चव घेतली. बऱ्याच दिवसांनी मला म्हणाले, "माय, चहा कर."

रविवारी उपासना संपल्यावर कोणी हललं नाही. अक्काला खुर्चीसकट पुढं नेऊन हौदाच्या काठाशी ठेवलं. मी तिच्या पाठीमागं खुर्ची धरून उभी. नाना पाण्यात उतरलेले, छातीइतक्या पाण्यात, वर हात करून. चेहरा लहान पोरासारखा झाला होता. पाळकसाहेबांनी प्रार्थनेला डोळे मिटायला सांगितले, आणि अक्का म्हणाली, "थांबा."

तिची जीभ जड झालेली, पण चर्च इतकं शांत होतं की शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं. "मी त्या रोज बठ्ठी उनथी," ती म्हणाली. मी त्या दिवशी सगळीच्या सगळी आले होते. "हात बी, पाय बी. भ्याव वाटे तरी उनथी. आते तुम्ही म्हणतस, अर्धीच उनथी? इतला वरीस मी जी भाकर खादी ती खोटी?"

नाना पाण्यातून म्हणाले, "खोटी नही व. पण हात..."

"हात मन्हा शे," अक्का म्हणाली. "तो बुडावाना नही. देवले नको व्हई तर तो माले सांगी. तुम्ही नका सांगू." आणि डाव्या हातानं उजवा हात उचलून तिनं छातीशी घेतला.

पाळकसाहेबांनी डोळे पुसले. मला म्हणाले, त्यांना घरी न्या. मी खुर्ची फिरवली. मागं वळून पाहिलं तर नाना तसेच पाण्यात उभे होते, हात वर केलेले. तो दिवस काही मी विसरणार नाही. अक्काचं बरोबर होतं, शंभर टक्के बरोबर होतं, आणि तरी मला वाटलं, बाई ग, ठेव ना जरा पाण्यात, काय जातंय तुझं, याच्या जिवाला थंडावा मिळेल. पण मी कोण सांगणार? तिच्या आयुष्यभराच्या विश्वासाचा प्रश्न होता. संध्याकाळी हौदाचं पाणी गल्लीत वाटलं. बायकांनी हंडे भरून नेले आणि नानांना मनापासून आशीर्वाद दिले. नानांना ते ऐकू गेले असतील असं मला वाटत नाही.

पावसाळा संपता संपता अक्का गेली. दुपारी मी तिला वरणभात भरवला, ती म्हणाली पुरे, आणि उशीला टेकली ती तशीच. आम्ही बायकांनी तिला आंघोळ घातली. दाराला पडदा लावलेला, पलीकडं नाना उभे. त्यांनी विचारलं, "हात धुवा का?" मला भयंकर राग आला. म्हटलं, "धुतला नाना, साबण लावून धुतला, बोट न् बोट धुतलं, आता तरी सोडा तिला." मग ते म्हणाले, "आते काय उपेग?" आणि मला कळलं की ते मागत नव्हते काही. नियम तेही पाळत होते. मेलेल्या माणसाचा बाप्तिस्मा होत नाही, हे आम्हाला त्यांनीच शिकवलेलं. मी बाहेर येऊन त्यांना धरलं, तर अंग भिंतीसारखं ताठ. कबरस्तानात पाळकसाहेब पुनरुत्थानाबद्दल बोलले, फार चांगलं बोलले. सगळ्यांनी मूठ मूठ माती टाकली. नानांनी मातीत हात घातला आणि तसाच ठेवला. माझ्या नवऱ्यानं त्यांना उठवलं.

त्यानंतर नानांनी पंचपद सोडलं. हौदाची किल्ली माझ्या नवऱ्याकडं दिली. रविवारी ते चर्चला येतात, पण आत येत नाहीत. बाहेर चपलांशेजारी पायरीवर बसतात, आतलं सगळं ऐकतात, गीताला ओठ हलतात. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, तेव्हाही उठत नाहीत. पाळकसाहेब दोनदा बाहेर येऊन बोलावून गेले. मी तर भांडले. मागच्या महिन्यात भाकरीचं ताट फिरायच्या आधी मी बाहेर आले आणि त्यांच्या शेजारी पायरीवर बसले.

म्हटलं, "नाना, प्रभू काय हातासाठी स्वर्गाचं दार लावून घेणारा आहे का? तुम्हीच सांगा."

"नही," ते म्हणाले. "तो लावाव नही. तो तिले बलावत व्हई."

"मग?"

"मंग ती उभी व्हई दारजोडे. तिले एकलीले भ्याव वाटस." ते चपला नीट लावत होते, लोकांच्या चपला, जोडीला जोड. मग आतल्या बाकांकडं मान करून म्हणाले, "कोणी हात धरा बिगर ती कोठे गई का कधी? मी मझार जाई बसू, भाकर खाऊ, नि ती तठे एकली? मी बी बाहेरच ऱ्हासू. ती येई तव्हय येसू."

आयुष्यभर ज्या माणसानं दुसऱ्यांना आत ढकलण्यासाठी पाण्यात गुडघे घातले, तो आपण होऊन बाहेर बसला होता. मला त्यांना हलवावंसं वाटलं, ओरडावंसं वाटलं, आणि खरं सांगते, माझं त्यांच्यावर इतकं प्रेम आहे हे मला तोवर माहीत नव्हतं. ते म्हणाले, "तू जाय मझार, माय. तुन्ही भाकर चुकी जाई."

मी आत गेले. ताट माझ्या बाकापर्यंत आलंच होतं, मी तुकडा घेतला आणि हातात धरून बसले. आमच्यात सगळ्यांनी एकदम खायचं असतं. ताट शेवटच्या बाकापर्यंत जाऊन पुढं परत आलं की पाळक विचारतात, तशी रीतच आहे.

"कोणी राहिलं आहे का?" पाळकसाहेबांनी विचारलं.

दार उघडंच होतं. कोणी बोललं नाही. मीही बोलले नाही. मग आम्ही सगळ्यांनी भाकर खाल्ली.